इंटरप्ट ‘बंद’ म्हणजे नेमके कुठे बंद?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांवरच्या आपल्या पुरवणीतील लेखात एक वाक्य होते: ‘प्रोसेसरला झोपवण्यापूर्वी सर्व इंटरप्ट बंद करावेत, म्हणजे त्याची झोप मोडत नाही.’ वाक्य ऐकायला पटते. पण ते वाचून एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प केला, तर चिप कोणती आहे आणि त्याने इंटरप्ट कुठे बंद केले यावर तीन वेगवेगळे निकाल लागतील. एका ठिकाणी सगळे सुरळीत चालेल, दुसऱ्या ठिकाणी यंत्र झोपेल ते उठणारच नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याला झोपच लागणार नाही. पत्र लांबले आहे, पण हा घोळ थोडक्यात सांगितल्यानेच झालेला आहे.

इंटरप्ट म्हणजे टायमर संपला, बटण दाबले गेले, सिरियल पोर्टवर बाइट आला, की कोअरला (प्रोसेसरच्या सूचना चालवणाऱ्या गाभ्याला) हातातले काम सोडून तिकडे बघायला लावणारा संकेत. हा संकेत अडवण्याच्या जागा तीन. पहिली खुद्द उपकरणात: टायमरच्या किंवा यूआर्टच्या (सिरियल पोर्ट चालवणाऱ्या भागाच्या) रजिस्टरमधला ‘इंटरप्ट एनेबल’ बिट. दुसरी मधल्या कंट्रोलरमध्ये, जिथे प्रत्येक इंटरप्ट क्रमांकाला स्वतंत्र बटण असते. तिसरी कोअरमध्ये, जिथे एकच बिट सगळ्यांना थोपवतो. सोसायटीत पाहुणा येतो तेव्हा गेटवरचा वॉचमन आणि फ्लॅटच्या दाराची कडी या वेगळ्या गोष्टी असतात, तसेच. कडी (कोअरमधला बिट) लावलेली असली तरी वॉचमन (कंट्रोलर) इंटरकॉम वाजवू शकतो. वॉचमनलाच ‘कोणाला सोडू नकोस’ असे सांगितले, तर घरात पत्ताही लागत नाही. लेखात ‘बंद’ हा एकच शब्द या तिन्ही जागांसाठी वापरला आहे.

महाराष्ट्रातल्या हजारो अभियंत्यांनी ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या किटवर ईआय (इंटरप्ट चालू करा) आणि त्यापाठोपाठ हॉल्ट (थांबा) असा प्रोग्रॅम हेक्समध्ये भरला आहे. जर्नलमध्ये तो उतरवला जातो, पण ईआयचा परिणाम लगेच न होता पुढची एक सूचना पार पडल्यावर का होतो, हे तोंडी परीक्षेत क्वचितच कोणी विचारते. त्या एका सूचनेच्या उसंतीमुळे ईआय आणि हॉल्ट यांच्यामध्ये इंटरप्ट शिरू शकत नाही. तो शिरला असता, तर त्याचे काम उरकून प्रोसेसर हॉल्टवर आला असता आणि ज्याची वाट बघायची तो आधीच येऊन गेल्याने तिथेच बसून राहिला असता. इंटेलच्या आजच्या प्रोसेसरांतही एसटीआय (इंटरप्ट चालू) आणि त्याला लागून एचएलटी (थांबा) ही जोडी याच कारणासाठी लिहिली जाते. मध्ये एनओपी (काहीही न करणारी सूचना) टाकली तर उसंत त्या एनओपीवर खर्च होते आणि फट पुन्हा उघडते.

८०८५, ८०सी५१, अर्डुइनो ऊनोवरचा एटीमेगा३२८पी आणि एचएलटीने थांबलेला एक्स८६ (इंटेल-वंशाचा पीसी प्रोसेसर) यांच्यात एक गोष्ट समान आहे. कोअरची कडी लावून झोपवले तर साधा इंटरप्ट त्यांना उठवत नाही. सीएलआय (इंटरप्ट बंद) करून एचएलटी दिलेला पीसी एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट), रीसेट अशा मोजक्या गोष्टींनीच हलतो. मूळ ८०सी५१ तर पीकॉन रजिस्टरचा पीडी बिट लावून पॉवर-डाऊनमध्ये गेला, की हार्डवेअर रीसेटशिवाय परतत नसे. फक्त आयडीएल बिटाच्या हलक्या झोपेतून, तेही (रीसेट सोडला तर) चालू असलेल्या इंटरप्टनेच, तो उठे. ‘इंटरप्ट चालू ठेवूनच झोपवा’ हा आपल्याकडचा पाठ या पिढीच्या चिप्सवरून आला.

एआरएमवर पाठ उलटा होतो. छोट्या चिपांसाठीच्या कॉर्टेक्स-एम कोअरमध्ये प्रायमास्क हा कडीचा बिट लावून डब्ल्यूएफआय (इंटरप्ट येईपर्यंत थांब) ही सूचना दिली, तरी एनव्हीआयसीमध्ये (इथल्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) चालू असलेला आणि पुरेशा प्राधान्याचा इंटरप्ट आला की कोअर जागा होतो. त्या इंटरप्टचा हँडलर (त्याचे काम करणारा कोड) मात्र चालत नाही. कोअर डब्ल्यूएफआयच्या पुढच्या ओळीवर जातो, आणि प्रायमास्क काढला की मगच हँडलर धावतो. म्हणून इथला योग्य क्रम असा: सीपीएसआयडी आय देऊन कडी लावायची, मग ‘काम आहे का’ हा फ्लॅग तपासायचा, नसेल तर डीएसबी (आधीचे मेमरी व्यवहार पुरे होईपर्यंत थांबवणारी सूचना) आणि डब्ल्यूएफआय, जाग आल्यावर कडी काढणारे सीपीएसआयई आय आणि आयएसबी (पुढच्या सूचना नव्याने घ्यायला लावणारी सूचना).

यातली पहिली पायरी गाळली तर काय होते ते जवळून बघू. पाण्याच्या मीटरमधला प्रोग्रॅम फ्लॅग बघतो, तो शून्य असतो. नेमक्या त्याच क्षणी मोडेमकडून बाइट येतो. हँडलर धावतो, फ्लॅग १ करतो आणि परततो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तपासणी झालेलीच आहे, त्यामुळे पुढची सूचना डब्ल्यूएफआय. कोअर झोपतो. फ्लॅग १ आहे, काम पडून आहे, पण ते बघायला कोणी जागे नाही. पुढचा इंटरप्ट १५ मिनिटांनी येणाऱ्या आरटीसी (वेळ राखणाऱ्या घड्याळाच्या) अलार्मचा असेल, तर उत्तर १५ मिनिटांनी जाते आणि तोवर सर्व्हरने मीटर ‘बंद’ म्हणून नोंदवलेला असतो. ही फट दोन-तीन सूचनांइतकीच असते, म्हणून टेबलावर हा दोष दिसत नाही. शेकडो मीटर बसले की रोज कुठेतरी एक सापडतो, आणि मग सिम कार्डाला, रेंजला, पावसाला दोष दिला जातो.

कोअरची कडी लावतानाही कोणती लावली याला महत्त्व आहे. कॉर्टेक्स-एम३ आणि त्यापुढच्या मोठ्या कोअरमध्ये प्रायमास्कशिवाय बेसप्राय नावाचे रजिस्टर असते. ठरावीक प्राधान्याचे आणि त्याखालचे इंटरप्ट ते अडवते. डब्ल्यूएफआय प्रायमास्ककडे दुर्लक्ष करते, बेसप्रायकडे नाही. बेसप्रायने अडवलेला इंटरप्ट झोपलेल्या कोअरला उठवत नाही. फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नेहमीचा क्रिटिकल सेक्शन (मध्ये कोणी अडथळा आणू नये असा कोडचा तुकडा) या कोअरवर बेसप्रायनेच घेतला जातो. त्याच्या टिकलेस आयडलच्या (काम नसताना नियमित टिक थांबवून झोपण्याच्या) कोडमध्ये मात्र मुद्दाम सीपीएसआयडी आय वापरले आहे, आणि नेहमीची पद्धत इथे चालणार नाही, कारण झोपेतून उठवायला हवेत तेच इंटरप्ट ती अडवेल, अशी टीप लेखकांनी वर लिहून ठेवली आहे. ती न वाचता ‘सगळीकडे एकच मॅक्रो हवा’ म्हणून कोड नीटनेटका करणारे भेटतात. मग त्या अडवलेल्या प्राधान्याचा कोणताही इंटरप्ट चिपला उठवत नाही, आणि टिकलेस आयडलचा स्वतःचा टायमरही बहुधा सर्वांत खालच्या प्राधान्यावर असतो.

कडी लावून झोपण्याचा दुसरा फायदा उठताना दिसतो. कॉर्टेक्स-एमवाला एसटीएम३२एफ४०७ पीएलएलवर (घड्याळाचा वेग वाढवणाऱ्या भागावर) १६८ मेगाहर्ट्झने चालत असेल आणि स्टॉप मोडमध्ये (खोल झोपेत) गेला, तर तो उठतो तेव्हा १६ मेगाहर्ट्झच्या अंतर्गत एचएसआय घड्याळावर असतो. पीएलएल आपण पुन्हा चालू करायचा. त्याआधीच हँडलर धावला आणि त्याने सिरियल पोर्टवर काही पाठवले, तर त्या पोर्टच्या एपीबी२ बसचे घड्याळ ८४ ऐवजी ८ मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेदहा पट हळू असते. १,१५,२०० बॉडचा संदेश सुमारे ११,००० बॉडने बाहेर पडतो आणि पलीकडे नुसता कचरा दिसतो. प्रायमास्क लावून झोपले असेल, तर उठल्यावर आधी घड्याळ, मग फ्लॅश वेट स्टेट (फ्लॅश मेमरी वाचताना थांबायची चक्रे) आणि बाकीचे नीट लावता येते; हँडलरला दार नंतर उघडायचे.

आता कंट्रोलरच्या पातळीवर. एनव्हीआयसीमध्ये एखादा इंटरप्ट बंद केला, तर तो ‘प्रलंबित’ म्हणून नोंदला जातो, पण डब्ल्यूएफआयमधल्या कोअरला उठवत नाही. (एससीआर रजिस्टरमधला सेव्हऑनपेंड बिट लावून डब्ल्यूएफई (घटना होईपर्यंत थांब) वापरले तर उठवतो, ही वाट फार कोणी वापरत नाही, पण आहे.) एसटीएम३२च्या स्टॉप मोडमध्ये आणखी एक चाळणी लागते. बहुतेक घड्याळे थांबलेली असल्याने ज्यांची तार एक्स्टी या (बाहेरचे संकेत टिपणाऱ्या) विभागातून जाते तेच इंटरप्ट जाग आणू शकतात. साध्या टायमर २चा इंटरप्ट एनव्हीआयसीत कितीही चालू ठेवा, तो टायमरच थांबलेला असतो. उलट, एक्स्टीचा एखादा प्रलंबित बिट झोपण्याआधी पुसला नसेल, तर चिप स्टॉपमध्ये जायचा आदेश चक्क सोडून देते आणि पुढची ओळ चालवते. विद्यार्थ्याला वाटते चिप झोपून उठली. प्रत्यक्षात ती झोपलीच नव्हती.

झोप न लागण्याचे सर्वांत सामान्य कारण याहून साधे आहे. एसटीएम३२ बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या हॅल लायब्ररीत सिसटिक या टायमरचा इंटरप्ट दर मिलिसेकंदाला येतो. हलक्या स्लीपमध्ये तो चालूच असतो, म्हणून डब्ल्यूएफआय सेकंदाला हजार वेळा मोडते. यासाठीच हॅल-सस्पेंडटिक हे फंक्शन दिले आहे. झोपण्यापूर्वी ते आणि उठल्यावर हॅल-रिझ्यूमटिक. इथे लेखातले वाक्य लागू पडते, पण एका इंटरप्टपुरते आणि उपकरणाच्या पातळीवर. हिशेब सोपा आहे. सीआर२०३२ची बटण बॅटरी साधारण २२० मिलिअँपिअर-तासांची. सरासरी १ मिलिअँपिअर ओढला तर ती ९ दिवस टिकते. ५ मायक्रोअँपिअरवर आले तर कागदावर ५ वर्षे.

रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेबद्दल थोडक्यात, कारण सीडॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे प्रोसेसर त्याच वंशातले आहेत. तिथले डब्ल्यूएफआय जागतिक कडीकडे (एमस्टेटस रजिस्टरमधल्या एमआयई बिटाकडे) लक्ष देत नाही, पण प्रत्येक इंटरप्टच्या स्वतंत्र बटणाचा मान ठेवते. म्हणजे एआरएमच्या जवळचे. मात्र प्रमाणाने डब्ल्यूएफआय ही एनओपी म्हणून बनवायलाही परवानगी दिली आहे. त्यामुळे ‘डब्ल्यूएफआय संपले म्हणजे काम आले’ असे न मानता ती फेरीत (लूपमध्ये) ठेवून फ्लॅग पुन्हा तपासावा.

मोबाईल आणि सर्व्हरमधले बहु-कोअर प्रोसेसर हा वेगळाच कारखाना आहे. हलक्या झोपेत कोअरचे फक्त घड्याळ थांबते. खोल झोपेत त्याची वीजच तोडतात. वीज तोडलेल्या कोअरला इंटरप्ट कळणार कसा? त्याची राखण दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावी लागते. एआरएमच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरच्या आवृत्ती ३ मध्ये प्रत्येक कोअरचा एक रीडिस्ट्रिब्युटर (त्याच्याकडे इंटरप्ट पोचवणारा भाग) असतो आणि त्यात वेकर नावाचे रजिस्टर. क्रम असा: कोअरच्या इंटरफेसमधले इंटरप्ट गट बंद करायचे, वेकरमधला प्रोसेसर-स्लीप बिट १ करायचा, आणि चिल्ड्रन-अस्लीप हा बिट १ होईपर्यंत थांबायचे. त्यानंतर रीडिस्ट्रिब्युटर इंटरप्ट कोअरकडे न पाठवता वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे ‘जागे करा’ अशी विनंती पाठवतो. कंट्रोलर वीज जोडतो, कोअर उठून प्रोसेसर-स्लीप ० करतो, चिल्ड्रन-अस्लीप ० होण्याची वाट बघतो, आणि मग इंटरप्ट घेतो. बहुतेक फोनमध्ये हे काम लिनक्स करत नाही, पीएससीआय या एआरएमच्या वीज-व्यवस्थापन मानकातल्या सीपीयू-सस्पेंड या हाकेमागचे फर्मवेअर करते.

यातले ‘थांबायचे’ गाळायचा मोह फार. चार-दोन मायक्रोसेकंद वाचवायला चिल्ड्रन-अस्लीप न बघता वीज तोडली, तर रीडिस्ट्रिब्युटरकडून निघालेला पण कोअरने न घेतलेला इंटरप्ट अर्ध्या वाटेत असू शकतो. मग काय होईल याची हमी जीआयसीचे मानक देत नाही. असा दोष दहा लाख झोपांत एकदा दिसतो आणि तेव्हा ट्रेसमध्ये काहीच नसते.

झोप वेळेआधी लागणे हाही एक प्रकार आहे. आय-एमएक्स ६ या चिपच्या दोषपत्रकात ईआरआर००७२६५ म्हणून तो नोंदवला आहे: क्रम चुकला तर कोअरने डब्ल्यूएफआय चालवण्याआधीच चिप कमी विजेच्या मोडमध्ये जाते. त्यावरचा उपाय आमच्या विषयाचा उत्तम नमुना आहे. आयओमक्सचा (पिना जोडणाऱ्या भागाचा) इंटरप्ट क्रमांक ३२ मुद्दाम कायम प्रलंबित ठेवायचा. जीपीसी या वीज-कंट्रोलरमध्ये तो उघडायचा, म्हणजे चिपला ‘कोणीतरी दारात आहे’ असे वाटून झोप लागत नाही. मग सीसीएममध्ये (घड्याळ-कंट्रोलरमध्ये) झोपेचा मोड लिहायचा, आणि लगेच जीपीसीमध्ये ३२ पुन्हा मास्क करायचा. इथे इंटरप्टचा उपयोग पाचरीसारखा आहे: दार लवकर मिटू नये म्हणून घातलेली आणि वेळ आली की काढून घेतलेली.

टायमरचे दुखणे वेगळे. खोल झोपेत काही कोअरचा स्वतःचा टायमरही बंद पडतो. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांत सी३ या झोपेच्या पायरीवर आणि त्याहून खोल झोपेत लोकल एपिक टायमर (प्रत्येक कोअरचा स्वतःचा) थांबत असे. नव्यांत तो चालू राहतो आणि एआरएटी या सीपीयूआयडीतल्या (प्रोसेसरच्या क्षमता सांगणाऱ्या सूचनेतल्या) बिटावरून ते ओळखता येते. टायमर थांबत असेल तर लिनक्स दुसऱ्या, चालू राहणाऱ्या टायमरकडून निरोप पाठवते. पण ते केव्हा, तर त्याला सांगितले असेल तेव्हा. एआरएमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) त्या झोपेच्या नोंदीत लोकल-टायमर-स्टॉप हा गुणधर्म लिहायचा राहिला, तर बोर्ड अधूनमधून गोठतो. ओळखण्याची खूण: सिरियल कन्सोलवर कोणतीही कळ दाबली की काम जिथे अडले तिथून पुढे सरकते. तुमच्या कळेच्या इंटरप्टने कोअरला उठवलेले असते.

संपूर्ण फोन झोपतो तेव्हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची एक चूक ठरलेली आहे. बटणाने फोन उठावा म्हणून ते इंटरप्ट मागताना नो-सस्पेंड हा झेंडा लावतात. त्याचा अर्थ ‘झोपताना हा इंटरप्ट बंद करू नका’ एवढाच. ‘याने यंत्र उठवा’ असा नाही. त्यासाठी एनेबल-आयआरक्यू-वेक ही हाक आहे. नो-सस्पेंड लावलेला हँडलर मध्येच धावतो, त्याची आयटूसी बस (उपकरणाशी बोलण्याची वाट) आधीच झोपलेली असते, लेव्हल प्रकारचा (कारण मिटेपर्यंत चालूच राहणारा) इंटरप्ट पुसता येत नाही, आणि तो पुन:पुन्हा पेटत राहतो. असे १,००,००० पैकी ९९,९००हून अधिक कोणी घेतले नाहीत, तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असे लिहून ती लाइनच बंद करते. मग बटण उरते शोभेला.

सर्व्हरवर प्रश्न कोअर उठेल का हा नसतो, कोणता कोअर उठवायचा हा असतो. नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट खोल झोपलेल्या कोअरकडे गेला, तर त्याला उठवण्याचा खर्च झोपेतून वाचलेल्या विजेपेक्षा जास्त होऊ शकतो. लिनक्समध्ये प्रत्येक कोअरच्या सीपीयूआयडल फोल्डरात झोपेच्या प्रत्येक पायरीला रेसिडेन्सी नावाची फाइल असते, मायक्रोसेकंदांत. किमान इतकी झोप झाली तरच फायदा. शेजारची अबव्ह ही फाइल झोप त्याहून लवकर किती वेळा मोडली ते मोजते. ती भराभर वाढत असेल तर प्रॉकखालची इंटरप्ट्स ही फाइल बघावी, कोणत्या रकान्यात आकडे पळतात ते शोधावे, आणि त्या क्रमांकाची एसएमपी-अफिनिटी (तो कोणत्या कोअरकडे जावा याची नोंद) बदलून तो आधीच जाग्या असलेल्या कोअरकडे द्यावा. बदल खरेच लागू झाला का, हे इफेक्टिव्ह-अफिनिटीवरून कळते. एनव्हीएमई डिस्कचे इंटरप्ट बहुधा कर्नल स्वतः सांभाळते. तिथे लिहायला गेलात तर इनपुट-आउटपुट त्रुटी येते, तो तुमचा दोष नाही. आयआरक्यूबॅलन्स या इंटरप्ट वाटणाऱ्या प्रोग्रॅमला पॉवरथ्रेश हा पर्याय दिला, तर कमी भार असलेल्या कोअरकडे इंटरप्ट पाठवणे तो आपणहून थांबवतो. कोअर ‘ऑफलाइन’ करणे हा मात्र झोपेला पर्याय नव्हे. ऑफलाइन करताना त्याचे सगळे इंटरप्ट उचलून दुसरीकडे हलवावे लागतात आणि परत आणतानाही व्याप होतो. झोपेत ते जागच्या जागी राहतात.

ज्यांच्याकडे फक्त एक छोटा बोर्ड आहे त्यांनी पुरवठ्याच्या तारेत १० ओहमचा रेझिस्टर घालून त्यावर ऑसिलोस्कोप लावावा. ५ मिलिअँपिअरला ५० मिलिव्होल्ट दिसतील. दर मिलिसेकंदाला सुळका दिसला तर तो सिसटिक. सुळके अनियमित असतील तर एखादी इनपुट पिन पुल-अपशिवाय तरंगते आहे का बघा. सपाट पण उंच रेषा असेल तर चिप झोपलेलीच नाही. आधी प्रलंबित बिट तपासा. आणि हे मोजताना डीबगर काढून ठेवा. डीबीजीएमसीयू या विभागातले डीबग बिट लागलेले असतील, तर स्टॉपमध्येही घड्याळे चालू राहतात आणि तुम्ही चिपची नव्हे, डीबगरची वीज मोजत बसता.

आपला,
एम्बेडेड क्षेत्रात काम करणारा एक वाचक, पुणे